हिरव्या टेपचा चार्जर

१

कारखान्यात सगळे त्याला मीटर म्हणत. मोबाइलचे चार्जर बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या तपासणी विभागात त्याची उभी हयात गेली होती, आणि मोजल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही ही सवय त्याच्या हाडीमाशी खिळली होती. आज उकडतंय असं बायको म्हणाली तरी तो भिंतीवरच्या तापमापकाकडे बघून मगच मान डोलवायचा.

घरात चार्जरचा त्याचा कायदा होता. ज्याचा चार्जर त्यानंच वापरायचा. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक वायरला त्यानं रंगीत टेप गुंडाळली होती. त्याची निळी, बायकोची पिवळी, लेकीची लाल. टेपचं टोक तो आत दुमडून चिकटवायचा, म्हणजे पुढेमागे काढायची झाली तर नखानं खरवडत बसावं लागत नाही. ही दुमड त्याची खास होती. कारखान्यातही कुणी अशी घालत नसे. "लोक एकमेकांचा टॉवेल वापरत नाहीत, मग चार्जर बरा वापरतात!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते सुरू झालं की लेक डोळे मिटून घोरल्याचं सोंग करायची.

लेकीला घरात मुंगी म्हणत. लहानपणी ती हमखास साखरेच्या डब्यापाशी सापडायची म्हणून. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते मात्र नवराबायकोला आठवत नव्हतं. तो म्हणे तू ठेवलंस, ती म्हणे तुम्ही. आता मुंगी दुसऱ्या गावी कॉलेजच्या वसतिगृहात राहत होती. सुट्टी संपवून ती परत निघायची, तर त्याच सुमारास तिच्या चार्जरनं मान टाकली. वायर टोकाशी तुटून आतली तार दिसायला लागली.

"मैत्रिणीचा वापरेन मी," मुंगी म्हणाली.

"किती व्होल्टचा आहे मैत्रिणीचा?"

"पांढरा आहे बाबा. एवढंच माहितेय मला."

"मग नकोच."

कारखान्यातून साधा स्क्रूही बाहेर नेता येत नसे, आणि बाजारातला प्रत्येक चार्जर मीटरच्या लेखी संशयित होता. म्हणून त्यानं कपाटाचा खालचा खण उपसला. जुन्या किल्ल्या, सुटे सेल, शिलाई मशीनचे पट्टे यांच्याखाली एक चार्जर निघाला. वायरची गुंडाळी व्यवस्थित, वर हिरवी टेप. टेपचं टोक आत दुमडलेलं.

"अगं, हा हिरवा कुणाचा?" त्यानं विचारलं.

बायको घरी कपडे शिवायची. तिनं मशीनवरून मान वर केली नाही. "तुमचाच असेल. या घरात टेपा गुंडाळायचा छंद दुसऱ्या कुणाला आहे?"

ते खरंच होतं. पण हिरवी टेप आपण कधी आणली, हे काही केल्या मीटरला आठवेना.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तो कारखान्यात नेला. फाटकावर नोंदवून आत घेतला, तपासणीच्या बाकावर ठेवला आणि त्याच्यावरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली. व्होल्ट मुंगीच्या फोनशी जुळत होते. अँपिअर थोडे जास्त होते, पण त्याला हरकत नसते; फोन लागतील तेवढेच ओढून घेतो. वायर कुठे चिरलेली नव्हती, पिन सैल नव्हती. मग त्यानं चार्जरवर विजेचा भार चढवला आणि बाजूला बसून राहिला.

भार चढला की चार्जर गरम होतो. चांगला असला तर थोडा, भिकार असला तर फार, पण होतोच. हा गार पडत गेला.

मीटरला वाटलं, तापमान मोजणारी तार सुटली असेल. त्यानं ती बदलली. मग बाक बदलला. आकडा उतरतच होता. शेवटी त्यानं हात लावून पाहिलं. थंडीच्या दिवसांत सकाळी स्टीलच्या पेल्याला हात लागावा तसं बोटाला लागलं.

शेजारच्या बाकावर त्याचा जुना सहकारी बसायचा. त्याला सगळे दादा म्हणत. तो वाकून बघून गेला.

"गार राहतोय म्हणजे चांगलंच आहे की. गरम झाला असता तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस."

"गार कसा पडेल पण?"

"मला काय विचारतोस? मीटर तू." दादानं टेपकडे बघितलं. "घरात तुम्ही तिघं ना रे? मग हा चौथा रंग कुणाचा?"

मीटर हसला. पण त्याच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

तपासायचं ते सगळं त्यानं तपासलं आणि एकाही कसोटीत चार्जर कमी पडला नाही. कुणाचा, हे मात्र त्यानं पुन्हा विचारलं नाही. ते मोजायचं यंत्र त्याच्या बाकावर नव्हतं. संध्याकाळी त्यानं हिरवी टेप काढून लाल गुंडाळायचं ठरवलं होतं, पण लाल टेप संपली होती आणि मुंगीची बस सुटायची वेळ झाली होती.

बसथांब्यावर त्यानं तिला नेहमीचं प्रवचन दिलं. उशीखाली ठेवून चार्ज करायचं नाही, ओल्या हातानं लावायचा नाही, काम झालं की बोर्डातून काढायचा, स्टेशनावरच्या भिंतीतल्या भोकात फोन खुपसायचा नाही.

"आणि दुसऱ्याला द्यायचा नाही, दुसऱ्याचा घ्यायचा नाही," मुंगीनं पुढचं पूर्ण केलं आणि बसमध्ये चढली. चार्जर तिच्या हातात होता. "बाबा, किती गार आहे हा!"

३

ती रोज संध्याकाळी फोन करायची. काही दिवस गेले आणि एका संध्याकाळी मीटरच्या फोनवर तिच्या नावाऐवजी नुसता नंबर आला. त्यानं पुन्हा नाव घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नुसता नंबर. फोन जुना झालाय, असं म्हणून त्यानं तो विषय सोडला.

"कुणाचा होता?" बायकोनं विचारलं.

"मुंगीचा."

"कोण मुंगी?"

मीटरला वाटलं ती चेष्टा करतेय. मग तिचा चेहरा बदलला आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! काय झालंय मला? सकाळपासून डोकं जड आहे बघा." दोघंही हसली. तिनं डोळ्यांचा नंबर तपासून घ्यायचं ठरवलं, जणू त्याचा याच्याशी संबंध होता.

तिकडून मुंगी सांगे तेही विचित्रच. खोलीतल्या मैत्रिणीनं तिच्या पलंगावर आपलं सामान रचून ठेवलं. विचारलं तर म्हणाली, मला वाटलं रिकामा आहे. खानावळीत तिच्यापुढे कुणी ताट ठेवेना. "आणि बाबा, फोन उतरतच नाही. चार्जर काढून ठेवलाय तरी भरलेलाच."

"तो वापरायचा बंद कर. आत्ताच्या आत्ता."

"केव्हाच केला. काही फरक नाही. बाबा, मला काही काही आठवायला लागलंय. इथे आल्यापासून."

"काय आठवायला लागलंय?"

"फोनवर नाही सांगता येणार."

त्याच आठवड्यात कारखान्यात वर्षातून एकदा होणारी तब्येतीची तपासणी होती. डॉक्टर नवा होता, दंडाला पट्टा बांधता बांधता गप्पा मारत होता. घरी कोण कोण असतं, त्यानं विचारलं. मी आणि बायको, मीटर म्हणाला. मुलंबाळं?

"नाहीत," मीटर म्हणाला.

शर्टाची बाही खाली करून तो दारापर्यंत आला आणि मगच आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. चौकट धरून तो उभा राहिला. बाहेर दादा आपल्या पाळीची वाट बघत होता.

"दादा, मला मुलगी आहे ना रे?"

दादानं त्याच्याकडे काळजीनं पाहिलं. "बस जरा," तो म्हणाला. "पाणी आणतो."

मीटरनं तिथूनच मुंगीला फोन लावला. नंबर त्यानं एकेक आकडा मोठ्यानं म्हणत दाबला. "बॅग भर आणि घरी ये," त्यानं सांगितलं. "चार्जर घेऊन ये. वाटेत कुणाला देऊ नकोस."

४

ती यायची होती त्या दिवशी त्यानं रजा काढली. दुपारी दूध आणायला खाली उतरला तर जिन्याच्या वळणावर, दोन मजल्यांच्या मध्ये, एक तरुण पायरीवर बसला होता. अंगात धुऊन विटलेला शर्ट, कानांत वायरचे इअरफोन. हा मुलगा बरेच दिवस दिसायचा. बायको त्याला कधीमधी पाणी द्यायची. पार्सल पोचवणारा असेल, असं तिचं म्हणणं. आई म्हणून हाक मारतो, चांगल्या घरातला दिसतो, असंही ती म्हणाली होती.

मीटर बाजूनं उतरायला लागला तसा तो तरुण म्हणाला, "खणातला चार्जर मुंगीला दिलात का?"

मीटर जागच्या जागी थांबला. "तुला काय माहीत? आणि तिचं नाव तुला कुणी सांगितलं?"

"नाव मीच ठेवलं होतं." तो हे अगदी साधेपणानं म्हणाला. रागानं नाही की रडवेला होऊन नाही. "मला वाटलं होतं तुम्ही तो फेकून दिला असेल. तुमची काही चूक नाही. तुम्ही नीट तपासूनच दिला असणार."

"कोण आहेस तू?"

तो इअरफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत बसला. वायर एका जागी तुटलेली होती आणि तिथे टेप लावली होती. टेपचं टोक आत दुमडलेलं होतं.

"तिला सांगा, मी इथे आहे," तो म्हणाला. "एकटीला भीती वाटते सुरुवातीला."

मीटर दूध न घेताच वर आला. दार लावून जेवणाच्या टेबलापाशी उभा राहिला. टेबलाला चार खुर्च्या होत्या. त्यात काय विशेष? टेबलं चार खुर्च्यांचीच मिळतात. त्यानं एकेक खुर्ची उलटी करून पाहिली. एक त्याची, एक बायकोची, एक मुंगीची. चौथ्या खुर्चीच्या खालच्या दांडीचा रंग उडाला होता, मधोमध, दोन ठिकाणी. बरीच वर्षं कुणीतरी तिच्यावर टाचा टेकवून बसलं होतं.

"अहो, काय चाललंय?" आतून बायकोनं विचारलं.

"काही नाही. खिळे बघतोय."

५

बेल वाजली तेव्हा दार बायकोनं उघडलं.

"कोण हवंय?" त्याला ऐकू आलं.

तो पुढे आला. दारात एक मुलगी उभी होती. खांद्यावर बॅग, चेहरा उन्हानं लाल झालेला. कुणाची बरं ही, असा विचार त्याच्या मनात आला, अगदी सहज, जसा कुणाही परक्या माणसाला बघून येतो. मग तिनं एका पायाच्या अंगठ्यानं दुसऱ्या पायाचा घोटा खाजवला आणि त्याला सगळं एकदम आठवलं.

"ये, ये," तो म्हणाला.

"ओळखीची आहे का?" बायकोनं हळूच विचारलं. मुंगी तिच्याकडे बघत होती. ते बघणं मीटरला सोसवेना.

"मित्राची मुलगी. राहील दोन दिवस."

बायकोनं तिला बसायला सांगितलं आणि पाहुण्यांचे काचेचे पेले काढून पाणी आणून दिलं. घरच्या स्टीलच्या पेल्यात मुंगीला पाणी दिलं नाही, एवढ्याचंच मीटरला रडू यायला लागलं. मुंगी शहाण्यासारखी पाणी प्याली आणि "थँक्यू काकू," म्हणाली.

आतल्या खोलीत दार लोटून त्यानं चार्जर उघडला. बारीक स्क्रूड्रायव्हरनं कवच सोडवलं आणि भिंगाखाली धरलं. आत जे असायला हवं तेच होतं, तिथेच होतं. एकही जोड जळलेला नाही, एकही भाग उपरा नाही. त्यानं आयुष्यात पाहिलेला तो सगळ्यात निर्दोष चार्जर होता. मीटरनं हात टेकले. त्यानं कवच परत बसवलं.

"पुन्हा विसरलात का मधे?" पलंगावर बसलेल्या मुंगीनं विचारलं.

"दारात. थोडा वेळ."

"सकाळी?"

"सकाळी दोनदा तरी." खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "मुंगे, हे वाढत चाललंय. उद्यापर्यंत मी टिकेन की नाही ते सांगता येत नाही."

मुंगीनं मान हलवली. तिला ते ठाऊक होतं. "मी जिन्यावर भेटले त्याला," ती म्हणाली. "तो म्हणतो, होते सवय."

६

पलीकडे मशीनचा आवाज चालू होता. मीटर खूप वेळ चार्जर हातात धरून बसला. मग त्यानं तो भिंतीतल्या बोर्डात लावला आणि वायरचं टोक आपल्या फोनजवळ नेलं.

"बाबा, नको." मुंगी उठून उभी राहिली.

"व्होल्ट जुळतात."

"चेष्टा करू नका. आईचं काय?"

तोच प्रश्न तो इतका वेळ उलटापालटा करून बघत होता. आई एकटी पडेल. पण आपण एकटे पडलो हे तिला कळणारही नाही. कपडे शिवेल, झोपेल, उठेल. इथे हिला मात्र सगळं कळतंय, आणि उद्या सकाळी आपणच हिला विचारू, कोण हवंय. त्याला कुठलीही बाजू बरोबर वाटत नव्हती. बायकोवर त्याचं फार प्रेम होतं आणि हे तिला सांगायचं त्याच्याकडून नेहमीच राहून गेलं होतं.

"ज्याला कळतंय त्याच्याजवळ कुणीतरी पाहिजे," तो म्हणाला आणि त्यानं टोक फोनमध्ये घातलं.

गारवा बोटांतून मनगटापर्यंत आला. दुखलं नाही. फोनवर चार्ज होत असल्याची खूण उमटली. मीटर तिच्याकडे बघत राहिला. आणि मग एक लहान मुलगा त्याच्या मांडीवर बसून टेप कापत होता, जीभ दातांत धरून. टोक आत घाल, मीटर त्याला सांगत होता, आता वरून दाब. हिरवी कशाला, निळी घे की. नको बाबा, मला हिरवीच पाहिजे.

"ढब्बू," मीटर म्हणाला. "ढब्बू किती दिवसांपासून जिन्यावर बसतोय गं?"

मुंगी त्याच्याजवळ येऊन बसली आणि तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "आठवला ना," ती म्हणाली. "मला वसतिगृहातच आठवला. फोनवर कसं सांगणार होते?"

मीटर ढसाढसा रडला. आपल्या पोटच्या पोराच्या बाजूनं आपण रोज दूध आणायला उतरत होतो, 'जरा सरक रे' म्हणून.

७

माणसं एका दिवसात विसरत नाहीत. आधी बायको त्याच्या ताटात वाढायला विसरायला लागली. मग मित्राची मुलगी अजून किती दिवस राहणार, असं तिनं विचारलं, आणि मुंगी स्वतःच बॅग घेऊन जिन्यावर गेली. मीटरनं शक्य तेवढे दिवस काढले. नळाचा वॉशर बदलला, घरातली प्रत्येक पिन तपासली. बायकोच्या पिवळ्या टेपचा चार्जर त्यानं दोनदा भारावर घेतला. तो नीट गरम होत होता. एकदा ती मशीनवर बसलेली असताना तो तिच्यामागे उभा राहून, राहून गेलेलं बोलला. ती लाजली, म्हणाली, "काय हे या वयात," आणि थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुम्ही कपडे न्यायला आलात का?"

मग एका दिवशी कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्यानं त्याला आडवा हात केला. दादा बाजूनं आत गेला, बघूनही न बघितल्यासारखा. मीटर घरी परतला. बायकोनं दार उघडलं. तिच्या गळ्यात माप घ्यायची फीत होती आणि दातांत टाचणी. तिनं ती काढली.

"कोण हवंय आपल्याला?"

ती अतिशय नम्रपणे विचारत होती. कुणाशीही ती तशीच बोलायची.

"मजला चुकला," मीटर म्हणाला. "माफ करा."

तो वळणावर उतरला. पायरीवर दोघं बसली होती. ढब्बू भिंतीकडे सरकला आणि त्यानं हातानं पायरी झटकली.

"बसा, बाबा."

तो मधे बसला. वर मशीन चालू होतं. लांब टाके, मग थांबा, मग पुन्हा लांब टाके. जिन्याच्या खिडकीतला उजेड हळूहळू कमी झाला. मशीन थांबलं.

"अहो," दाराआडून हाक आली, रोज या वेळी यायची तशीच, थोडी थकलेली, थोडी लाडाची. "दिवा लावता का जरा?"

"लावतो," मीटर म्हणाला. म्हणता म्हणता तो उभाही राहिला होता.

वर सगळं एकदम शांत झालं. मग चपलांचा आवाज झपझप दारापर्यंत आला आणि थांबला. दारापलीकडे ती उभी होती. तिचा श्वास त्यांना ऐकू येत होता. उघडेल, मीटरला वाटलं. मुंगीनं त्याचा हात घट्ट धरला होता.

आतून खालची कडी लागली. मग वरची.